बकरी गेली त्या सकाळी काय करायचं? लांडगे-कोल्हे मारू न देण्यासाठी कामाची माहिती

सकाळी साडेसहाला फोन वाजतो आणि पलीकडून काकाजी म्हणतात, "ताई, रातच्याला दोन बकऱ्या गेल्या, एक अर्धी खाल्लेली वावरात पडून हाये, अन् पोट्टे थायमेट आनाले निंगाले."

असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा येतो, कधी कोंढाळीकडून, कधी काटोल-नरखेडच्या बाजूनं, एकदा तर बुटीबोरीच्या थोडंसं पुढून. मी फॉरेस्टवाली नाही, नागपुरात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी माळावर फिरते, त्यातूनच धनगर आणि गायकी लोकांशी ओळखी झाल्या. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली की लांडगा मरतो तो बकरी गेल्यावर, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी संध्याकाळी. सकाळी राग असतो, दुपारपर्यंत कोणी विचारायला येत नाही, मग संध्याकाळी उरलेल्या मांसावर थायमेटसारखं विष टाकलं जातं आणि रात्री लांडगा परत येतो. म्हणजे आपल्या हातात सकाळ ते संध्याकाळ एवढाच वेळ असतो, म्हणून हे सगळं त्या एका दिवसाला धरून लिहितेय.

आधी नावं नीट करून घेऊ कारण गावात सगळ्याचा गोंधळ होतो. लांडगा म्हणजे लांब पायांचा, मोठ्या अल्सेशियनपेक्षा थोडा हडकुळा, मातकट रंगाचा. कोल्हा त्याच्या निम्म्याहून लहान, संध्याकाळी हुकी देतो तो. खोकड अजून लहान, झुपकेदार शेपटीचं आणि शेपटीचं टोक काळं, ते उंदीर, किडे अन् बोरं खातं, त्याला बकरीशी काही घेणंदेणं नाही, तरी तेही फुकट मारलं जातं. रानकुत्रा वेगळा, तो लालसर असतो आणि सहसा जंगलात राहतो.

सकाळी पोचल्यावर

पहिलं काम म्हणजे ज्याची बकरी गेली त्याच्याजवळ बसायचं. कायदा, पर्यावरण, साखळी असलं काही बोलायचं नाही. धनगराच्या दृष्टीनं एक गाभण बकरी म्हणजे मुलीच्या शाळेची फी असते, दवाखाना असतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाच मिनिटांत "लांडगा शेड्यूल एकमध्ये आहे", म्हणजे कायद्यानं जपलेला आहे, असं बोलून बसले, तेव्हा एक म्हातारी बाई शांतपणे म्हणाली, "मंग माह्या बकरीचे पैसे शेड्यूल देईन काय?" तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मी आधी चहा घेते, बकरीचं वय विचारते, किती महिन्यांची गाभण होती ते विचारते, आणि मग म्हणते की पैसे मिळतात, चला आपण आत्ताच कळवू.

पैसे खरंच मिळतात. महाराष्ट्रात वन्यप्राण्यानं पाळीव जनावर मारलं तर वनविभाग भरपाई देतो आणि त्या यादीत वाघ-बिबट्यासोबत लांडगा, तरस आणि कोल्हाही आहे, हे गावात बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं फक्त वाघाचे पैसे मिळतात. बकरी-मेंढीला बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत मिळतात, वर एक कमाल मर्यादा असते, ती जीआरनुसार बदलत राहते म्हणून रेंज ऑफिसात चालू जीआर मागून घ्यायचा. घटना ४८ तासांच्या आत जवळच्या फॉरेस्ट कर्मचाऱ्याला कळवायची आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, या दोन गोष्टी चुकल्या की केस बुडते. बीट गार्डचा नंबर असेल तर त्याला थेट फोन करा, नसेल तर १९२६ ही वनविभागाची हेल्पलाइन आहे, हॅलो फॉरेस्ट म्हणतात तिला. हा नंबर लक्षात ठेवायची माझी पद्धत सांगते: अमेरिकेच्या यलोस्टोन पार्कात तिथल्या सरकारनं शेवटचे लांडगे मारले ते १९२६ साली. मग ६९ वर्षांनी, १९९५ आणि १९९६ मध्ये, कॅनडातून ३१ लांडगे आणून परत सोडावे लागले.

फोन केल्यावर गार्ड येईपर्यंत दोन-चार तास जातात आणि तेवढ्यात गावातली कुत्री, कावळे, पोरं सगळे मिळून पुरावा तुडवून टाकतात, म्हणून आधी बोराटीच्या फांद्या टाकून मढं आणि आजूबाजूची जमीन झाकून घ्या. झाकण्याआधी फोटो काढा, प्रत्येक फोटोत शेजारी माचिस किंवा दहाचं नाणं ठेवा म्हणजे माप कळतं. गळ्याचा फोटो, मागच्या मांड्यांचा, पोटाचा, आणि पावलांचा. जनावराच्या कानात बिल्ला असेल तर त्याचाही.

कोणी मारली हे ओळखायचं

यावर जरा वेळ घालवते कारण इथंच सगळं बिघडतं. लांडग्याच्या नावावर जातात त्यातल्या कितीतरी बकऱ्या मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या असतात. कुत्री शिकार नीट करत नाहीत, ती पळवतात अन् जिथं सापडेल तिथं चावतात, कानाला, मांडीला, कुशीला, शेपटीला, आणि चार-पाच जनावरं जखमी करून खातात मात्र थोडंच. लांडगा सहसा गळा धरतो, मग मांडीकडून किंवा पोटाकडून खातो, आणि जमलं तर ओढून लांब झुडपात नेतो. कोल्हा मोठ्या बकरीच्या वाटेला जात नाही, तो नुकतं जन्मलेलं पिल्लू उचलतो किंवा बकरी व्यायल्यावर पडलेली वार खायला येतो. बिबट्यानं मारलं असेल तर पाऊल गोल आणि नखं उमटत नाहीत, आणि गळ्यावर दातांची खोल भोकं दिसतात.

पावलात लांडगा आणि कुत्रा यांत फरक करणं अवघड आहे, कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा सबुरीनं घ्या. लांडग्याचं पाऊल लांबट, मधली दोन बोटं पुढं आलेली आणि जवळजवळ. पण एका ठशापेक्षा चाल बघा. नाल्याच्या ओल्या वाळूत किंवा धुऱ्याच्या कडेच्या मऊ मातीत वीस-पंचवीस पावलं सापडली तर त्यांच्या मागं मागं जा. लांडग्याची ओळ सरळ जाते, जणू कामावर चाललाय, मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडत जातो. कुत्रं इकडं हुंगतं, तिकडं वळतं, परत फिरतं.

कुत्र्यानं मारलं असेल तर कुत्र्यानंच मारलं असं सांगा, भरपाई बुडाली तरी. मला हे सांगताना दरवेळी जड जातं पण लांडग्याचं नाव लावून दिलं की पुढच्या महिन्यात तीच कुत्री परत येतात, परत लांडग्याचं नाव होतं, आणि मग गाव ठरवतं की यांचा एकदाचा बंदोबस्त करा.

पंचनाम्याच्या वेळी थांबा. गार्ड चांगला असतो बहुतेक वेळा, पण त्याच्यावर वीस गावं असतात, तो घाईत "कुत्रे" लिहून मोकळा होऊ शकतो, तेव्हा फोटो दाखवायचे, पावलांची ओळ दाखवायची, आवाज न चढवता. पशुवैद्यकीय डॉक्टरचा दाखला लागतो, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स लागते. फिरते मेंढपाळ असतील, काठेवाडी असतील, तर त्यांच्याकडं इथला पत्ता नसतो म्हणून त्यांना हाकलून लावतात, तसं होऊ देऊ नका, पंचनामा घटना घडली तिथं होतो. एक मात्र आहे, अभयारण्याच्या आत बेकायदा चराई करताना जनावर गेलं तर पैसे अडतात, तिथं खोटं ठिकाण सांगायला मदत करू नका.

पंचनामा झाल्यावर मढ्याचं काय करायचं? यावर दोन मतं आहेत. जुने धनगर म्हणतात राहू द्या, तो त्याचा वाटा आहे, पोट भरलं की दोन-तीन दिवस कळपाकडं फिरकत नाही. गाव शांत असेल तर मीही तेच म्हणते. पण पोट्टे तापलेले असतील, कोणाच्या हातात पिशवी दिसली, तर ते मढं म्हणजे विष टाकायची तयार जागा आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत खोल खड्डा खणून, चुना टाकून पुरून टाका आणि वर दगड ठेवा. थायमेट म्हणजे फोरेट, त्यावर देशात २०२० च्या अखेरपासून बंदी आहे, तरी कोणाच्या ना कोणाच्या कोठ्यात जुना डबा निघतोच. आणि विषाला लांडगा कोण, गावचं कुत्रं कोण, कळत नाही, मोरही मरतात, घारीही मरतात. विष टाकलेलं मांस दिसलं, शेजारी माश्या-कावळे मरून पडलेले दिसले, तर हात लावू नका, जनावरं लांब ठेवा, फोटो अन् लोकेशन घ्या आणि १९२६.

त्याच रात्री

लांडगा त्याच जागी परत यायची शक्यता जास्त, म्हणून पहिल्या रात्रीचा बंदोबस्त भरपाईइतकाच महत्त्वाचा. आमच्याकडं रानडुकरांसाठी वावराभोवती जुन्या साड्या बांधतात ते सगळ्यांना माहीत आहे. लांडग्यासाठी त्याच साड्या जरा वेगळ्या बांधायच्या. पूर्व युरोपात लांडगे वळवायला दोरीला लाल चिंध्या लावायची फार जुनी पद्धत आहे, आता अमेरिकेत मेंढपाळ तीच वापरतात. लाल किंवा भडक साडीच्या साधारण हातभर लांब पट्ट्या फाडा, दोरीला दीड-दीड फुटावर बांधा, आणि दोरी अशी ताणा की पट्ट्यांची टोकं जमिनीपासून जेमतेम वर लोंबतील. लांडगा खालून शिरायला बघतो, उडी मारत नाही, म्हणून खाली मोकळी जागा राहिली की सगळं वाया. महिना-दोन महिने चालतं, मग तो सरावतो, म्हणून वर्षभर लावून ठेवायचं नाही, पिल्लांच्या दिवसांत किंवा हल्ला झाल्यावरच लावायचं. कोल्ह्याला याची फारशी भीती वाटत नाही.

मी हे स्वतः पाहिलंय. डिसेंबरातली रात्र, काकाजींच्या मेंढ्या एका वावरात बसवल्या होत्या, पऱ्हाटी उपटून झाली होती. भोवती काकूंच्या दोन जुन्या नऊवारींच्या पट्ट्या. पहाटे साडेतीनच्या सुमारास कुत्रं भुंकलं नाही, नुसतं गुरगुरलं आणि माझ्या घोंगडीला चिकटलं. काकाजींनी टॉर्च जमिनीवर ठेवूनच हळू फिरवला. दोरीपासून दहा-बारा फुटांवर दोन डोळे, मग मान, मग तो लांब पायांचा सगळा आकार. मान खाली घालून तो पट्टीकडं बघत होता. वाऱ्यानं पट्टी हलली की एक पाऊल मागं, थांबली की अर्धं पाऊल पुढं. मग डावीकडून वळसा घालायला लागला, दोरी जिथं बांधली होती त्या बाभळीपर्यंत आला, तिथं आम्ही पट्टी कमी पडली म्हणून तीन फूट जागा तशीच सोडली होती, आणि तो नेमका तिथं उभा राहिला. काकाजी खाकरले, फक्त खाकरले. तो वळला आणि ज्या चालीनं आला त्याच चालीनं नाल्याकडं गेला, घाई नाही काही नाही. काकाजींनी मला सांगितलं ते फक्त एवढंच, "उद्या ते तीन फूट भरून टाकू."

पक्का वाडा करायचा असेल तर सहा फुटी चेन लिंक जाळी, आणि तिचा खालचा दीड-दोन फूट भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून माती-दगडांनी दाबायचा, कारण लांडगा अन् कोल्हा दोघंही जाळीच्या अगदी बुडाशी उकरतात आणि तिथं त्यांना परत जाळीच लागते. दारात सगळ्यात जास्त चूक होते, जाळी मजबूत आणि फाटक तुराट्यांचं. पिल्लांसाठी वरून झाकलेला वेगळा खोपा. फिरत्या कळपाला जाळीचा वाडा बरा, धनगर त्याला वाघर म्हणतात, त्याच्या आत मेंढ्या घट्ट बसतात अन् बिथरून बाहेर पळत नाहीत. कुत्रे दोन तरी हवेत, गळ्यात खिळ्यांचा पट्टा, आणि रेबीज अन् डिस्टेंपर दोन्हीची लस टोचलेले. लस फक्त कुत्र्यासाठी नाही, हे रोग गावच्या कुत्र्यांकडून लांडग्या-कोल्ह्यांत जातात आणि अख्खी टोळी संपवू शकतात. शिवाय पुण्याजवळ लांडगा आणि कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय, म्हणून मोकाट कुत्र्यांची नसबंदी हीसुद्धा लांडगा वाचवायचीच कामं आहेत.

झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेला हलका झटका देणारी सोलरवाली, ती चालते. पण खांबावरून आकडा टाकून तारेत करंट सोडणं हा थेट गुन्हा आहे, वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरी तर होतेच, माणूस मेला तर सदोष मनुष्यवधापर्यंत जातं. डुकरासाठी लावलेल्या या तारांत अन् क्लच वायरच्या फाश्यांत लांडगे, कोल्हे, वाघ सगळे मरतात. अशी तार दिसली तर स्वतः काढायला जाऊ नका, लाइनमनला आणि फॉरेस्टला दोघांनाही कळवा. फाशात जिवंत जनावर अडकलं असेल तर गर्दी लांब करा, जवळ जाऊन पाणी-बिणी पाजू नका, ते तडफडून स्वतःचा पाय तोडून घेतं. आपल्याकडं सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, त्यांची रेस्क्यू टीम येते, १९२६ वर तसं स्पष्ट सांगा.

"सरकारनं यांना मारून टाकावं" असं कोणी म्हटलं तर

म्हणतातच. ग्रामसभेत तर हमखास. तेव्हा मी सांगते की हे करून झालंय. इंग्रजांनी लांडग्यांवर इनाम लावलं होतं, १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं. आज अख्ख्या देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरलेत, म्हणजे वाघांपेक्षाही कमी.

आणि कोल्ह्याचं म्हणाल तर अमेरिकेत त्याचा चुलतभाऊ आहे, कोयोट. तिथं १९३१ च्या कायद्यानं केंद्र सरकारचं खातंच त्याला मारतं, विमानातून गोळ्या घालून, फास लावून, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत सायनाइडच्या सापळ्यांनीही. असल्याच एका सापळ्यानं २०१७ मध्ये आयडाहोत एका मुलाला विषबाधा झाली आणि त्याचा कुत्रा त्याच्यासमोर मेला. हल्लीच्या वर्षांतही वर्षाला ५० हजारांहून जास्त कोयोट मारले जातात. तरी कोयोट संपला काय? उलट तो आधी नव्हता तिथं, पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचला. कारण असं की एका इलाक्यात एक जोडी जमलेली असते, ती बाहेरच्यांना शिरू देत नाही, आणि टोळीतली बाकीची मादी सहसा वीत नाही. ती जोडी मारली की घडी मोडते, तरण्या माद्याही वितात, पिल्लं जास्त जगतात, वर नवे अनोळखी येतात ज्यांना त्या भागातलं सोपं भक्ष्य म्हणजे मेंढरू एवढंच दिसतं. याउलट कॅलिफोर्नियातल्या मारिन काउंटीनं २००० साली सरकारी मारेकऱ्यांशी करार थांबवला अन् पैसा कुंपण आणि राखणदार कुत्र्यांवर लावला. आणि आयडाहोत वुड रिव्हर भागात लांडग्यांपासून मेंढ्या राखायला सात वर्षं चिंध्यांची दोरी, दिवे, कुत्रे, रात्रीची राखण असं केलं, तिथल्या मानानं शेजारच्या राखण नसलेल्या भागात साडेतीनपट मेंढ्या गेल्या. हा आकडा मी धनगरांना सांगते तेव्हा ते मान हलवतात, कारण त्यांची जागल म्हणजे दुसरं काय आहे.

कोल्ह्याबद्दल अजून एक. कोल्हा काकडीला राजी म्हणतो ना आपण, तो खरंच काकडी, डांगर, बोरं खातो, पण त्यापेक्षा जास्त उंदीर-घुशी खातो. त्याला मारायचं खरं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं, "कोल्ह्याचं शिंग". वशीकरणाला, पैशाला म्हणून विकतात, ऑनलाइनसुद्धा. कोल्ह्याला शिंग नसतं. कातडं अन् केसांचा गोळा करून विकतात आणि त्यासाठी खरे कोल्हे मरतात. यात्रेत, बाजारात कोणी विकताना दिसला तर वाद घालू नका, गुपचूप फोटो काढून कळवा.

कायदा खिशात असू द्या

गावात तो दाखवत फिरू नका, पण तुम्हाला माहीत हवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये लांडगा अनुसूची एकमध्ये आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, कोल्हाही. शिकार म्हणजे फक्त गोळी नाही, विष घालणं, फास लावणं, पकडणं, नुसता प्रयत्न करणं हेही शिकारच. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड कमीत कमी २५ हजार.

अनुसूची एकमधला प्राणी मारायची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, कलम ११ खाली, लेखी कारणं देऊन, आणि तेही तो माणसाच्या जिवाला धोका झाला असेल किंवा बरा न होणारा आजारी-जखमी असेल तरच. पकडून, बेशुद्ध करून हलवणं शक्य नाही याची खात्री आधी करावी लागते. बकऱ्या खाल्ल्या हे कारण त्यात बसत नाही. सरपंच, तहसीलदार, कोणी नेता, यांच्या तोंडी आदेशाला काही अर्थ नाही. आणि हे मुख्य वन्यजीव रक्षक आख्ख्या महाराष्ट्राचे असले तरी त्यांचं ऑफिस आपल्याच सिव्हिल लाइन्सला वनभवनात आहे, नागपूरकरांना अर्ज घेऊन जायला एक ऑटो पुरते, याचा फायदा घ्या. आदेश निघालाच तर त्याची प्रत मागा, कारणं वाचा, आणि गडबड वाटली तर नागपूर खंडपीठ आहे. अवनी वाघिणीच्या वेळी लोक कोर्टात गेले होते, ती २ नोव्हेंबर २०१८ ला मारली गेलीच, पण तेव्हापासून मी शिकले की आदेश निघाल्यावर जागं होऊन उपयोग नसतो, पंचनाम्यांच्या प्रती, तारखा, फोटो आधीपासून गोळा असले पाहिजेत. शिकारीची तक्रार देऊन कोणी हलत नसेल तर कलम ५५ नुसार ६० दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक स्वतः कोर्टात फिर्याद देऊ शकतो.

माणसावर हल्ला झाला तर मात्र सगळं बाजूला ठेवायचं. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये लेकरं गेली, ते खरं आहे, कोणाच्या दुःखावर "लांडगा असं करत नाही" म्हणू नका. लेकरांना अंगणात झोपवू नका, एकट्याला पहाटे बाहेर पाठवू नका, फॉरेस्टला पिंजरा लावू द्या. दिवसाढवळ्या, न घाबरता, दिसेल त्याला चावत सुटलेला लांडगा किंवा कोल्हा म्हणजे रेबीज असू शकतो. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि तडक नागपूरचं मेयो किंवा मेडिकल हॉस्पिटल गाठा, लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, तांत्रिकाकडं एक मिनिटही घालवू नका.

घळ सापडली तर

लांडग्याची पिल्लं साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होतात, नाल्याच्या काठच्या कपारीत, झुडपाखाली, त्या बिळालाच घळ म्हणतात. धूर करून, तोंड बुजवून पिल्लं मारतात ती याच दिवसांत. मी एक मोठी चूक केलीय ती सांगते. काही वर्षांपूर्वी जानेवारीत एक घळ सापडली, चार पिल्लं उन्हात बसलेली, मी लांबून एक फोटो काढून ग्रुपवर टाकला, जागेचं नाव लिहिलं नव्हतं. पण मागं मोबाइल टॉवर आणि पाण्याची टाकी दिसत होती. तिसऱ्या दिवशी तिथं पाच बाइक उभ्या होत्या, एकानं कुत्रं आणलं होतं. रविवारी मी गेले तर घळ रिकामी, बाहेर चिप्सची पाकिटं अन् बुटांचे ठसे. पिल्लांचं काय झालं ते कळलं नाही. तेव्हापासून घळीचा फोटो मी कोणालाच पाठवत नाही, फक्त बीट गार्डला तोंडी सांगते, जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकांना सांगते, आणि त्या बाजूला कळप नेणाऱ्या धनगराला सांगते की दोन-तीन महिने नाल्याच्या पलीकडून फिर, कुत्री बांध. तो ऐकतो, कारण त्याच्या बकरीच्या वेळी मी गेले होते.

जागा राहिली तर लांडगा राहील. आपल्या पूर्व विदर्भात सातबाऱ्यावर "झुडपी जंगल" लिहिलेल्या जमिनी आहेत, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून ८६ हजार हेक्टरच्या वर. लोकांना त्या पडीक वाटतात, लांडग्याला, खोकडाला आणि मेंढ्यांना तेच घर आहे. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं या जमिनी जंगलच आहेत असं सांगितलं. तुमच्या गावच्या माळाचा सातबारा काढा, झुडपी असेल आणि तिथं मुरूम उचलणं, प्लॉट पाडणं सुरू असेल तर लेखी तक्रार द्या. ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, तिच्या नोंदवहीत लांडगा, कोल्हा, खोकड दिसतात एवढी नोंद करून घ्या, घळीची जागा न लिहिता.

आणि शेवटचं काम, जे सगळ्यात कंटाळवाणं आहे. अर्ज दिल्यावर पोचपावती, तारीख आणि केस नंबर एका वहीत लिहा आणि दर पंधरा दिवसांनी फोन करा. काकाजींचे पैसे यायला सात महिने लागले, एकदा फाइलच सापडत नव्हती, एकदा पासबुकाची झेरॉक्स पुसट होती म्हणून परत आली. पण आले. त्या दिवशी त्यांनी मला फोन केला तो साडेसहालाच, मी घाबरून उचलला तर म्हणाले, "ताई, पैसे पडले खात्यात. अन् त्या नाल्याकडं तो दिसला काल, सोबत दुसरं बी होतं एक. पोट्ट्याइले सांगितलं नाही म्या."